बाबांच्या लिव्हर कॅन्सरच्या ट्रीटमेंटनंतर हिपॅटायटिस बी एकदम उसळला, कोणाला अनुभव आहे का? (नागपूर)

सक्करदरा_चौक | ९ एप्रिल, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांपासून इथे नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढून राहिलो, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मोठं आहे पण कुठून सुरू करू तेच कळत नाहीये.

बाबा ६३ वर्षांचे, वर्कशॉपमधून रिटायर झालेले. जानेवारीत वजन उतरायला लागलं, आम्हाला वाटलं फिरणं वाढवलं म्हणून. सोनोग्राफीत लिव्हरमध्ये गाठ दिसली, मग ट्रायफेजिक सीटी, ४.८ सेंटिमीटर, एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरची रक्तातली खूण) वाढलेलं. बायोप्सी केलीच नाही, डॉक्टर म्हणाले सीटीत गाठ ज्या पद्धतीनं रंग घेते आणि सोडते त्यावरूनच कळतं, लिव्हरचाच कॅन्सर आहे. सिरॉसिसची, म्हणजे लिव्हर कडक होण्याची, सुरुवात पण आहे म्हणाले.

हिपॅटायटिस बी जुनाच. १९९४ साली रक्तदान शिबिरात रक्त दिलं होतं, नंतर घरी चिठ्ठी आली 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह', म्हणजे रक्तात हिपॅटायटिस बी ची खूण. खापरीच्या पुढे न गेलेला माणूस ऑस्ट्रेलियाहून काय घेऊन आला, हा आमच्या घरचा जोक होता इतकी वर्षं. तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं, कॅरियर आहात, दारूपासून लांब राहा, बाकी काही करायची गरज नाही. बाबा तसेही पीत नव्हते. विषय संपला.

४ मार्चला टेस केलं, म्हणजे मांडीच्या धमनीतून नळी टाकून गाठीत औषध सोडतात आणि रक्तपुरवठा बंद करतात ते. चार दिवस ताप, पोट दुखलं, मग बरे. सीटीत गाठ बरीचशी मेलेली दिसली, आम्ही पेढे वाटले हो खरंच. आणि आता पाच आठवड्यांनी डोळे पिवळे. बिलिरुबिन (काविळीचं माप) ६.८, एसजीपीटी (लिव्हरला किती इजा ते) ८६०, एचबीव्ही डीएनए (रक्तात व्हायरस किती ते) १ कोटी ९० लाख. ट्रीटमेंटच्या आधी तोच ४२ हजार होता. डॉक्टर म्हणतात व्हायरस रिअॅक्टिव्हेट झाला, दुसरं टेस आता करता येणार नाही.

मला एवढंच कळत नाहीये की कॅन्सरच्या ट्रीटमेंटनं हिपॅटायटिस वाढतोच कसा, आणि वाढतो हे माहीत होतं तर आम्हाला आधी कोणी सांगितलं का नाही. दवाखान्याचं नाव घेत नाही पण खूप राग आहे. तक्रार करावी का?

पाणीपुरी_विथ_कांदा | १० एप्रिल, सकाळी ७:१०

वाचतोय. काका लवकर बरे होवोत.

तर्री_जास्त | १० एप्रिल, सकाळी ८:३५

भाऊ धीर धरा. माझ्या मोठ्या काकांना कावीळ झाली होती तेव्हा भंडारा रोडनं आत एका गावात घेऊन गेलो होतो, तिथे एक बाबा गळ्यात काड्यांची माळ घालतात, कावीळ उतरत जाते तशी माळ लांब होत जाते, शेवटी गुडघ्यापर्यंत आली. चुन्याच्या पाण्यात हात धुवून देतात, पिवळं धम्मक पाणी निघतं. पैसे घेत नाहीत. पत्ता पाहिजे तर व्यनि करा.

रात्रपाळी | १० एप्रिल, दुपारी ३:२०

आत्ता जागा झालो. मी मेडिसिनचा डॉक्टर आहे, लिव्हरचा स्पेशालिस्ट नाही, आणि तुमचे कागद पाहिलेले नाहीत, तेव्हा हे नुसतं समजण्यासाठी घ्या.

तर्री_जास्त, माळेचं नंतर बोलू. सक्करदराभाऊ, बाबांना आत्ता कुठल्याही माळेसाठी गाडीत घालून नेऊ नका. आधी पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, किती आहे ते सांगा. ते गुंगीत राहतात का, रात्री जागे दिवसा झोप असं झालंय का, बोलताना अडखळतात का? यातलं काहीही असेल तर उद्याची वाट पाहू नका, आजच भरती करा.

आता तुमचा प्रश्न. हिपॅटायटिस बी चा व्हायरस लिव्हरच्या पेशीच्या केंद्रात स्वतःच्या डीएनएची एक गोल गुंडाळी ठेवून देतो. समजा तो मूळ सातबारा. आपल्याकडच्या गोळ्या, एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिर, त्या फक्त झेरॉक्स मशीन बंद करतात, मूळ कागद तलाठ्याच्या कपाटात तसाच. मशीनवर लक्ष ठेवणारा शिपाई म्हणजे आपली प्रतिकारशक्ती. वर्षानुवर्षं कॅरियर म्हणून माणूस ठणठणीत फिरतो तो या शिपायाच्या जिवावर.

टेसमध्ये बहुतेकदा डॉक्सोरुबिसिनसारखं केमोचं औषध देतात. युक्ती अशी की चांगल्या लिव्हरला जास्त रक्त पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून, मिळतं, पाऊणएक तरी, आणि गाठ जगते धमनीवर. म्हणून धमनीतून औषध सोडून ती बंद केली की गाठ उपाशी मरते आणि बाकी लिव्हर तगतं. पण औषध थोडं अंगभर जातंच, उलटी होऊ नये म्हणून कधी स्टेरॉइड देतात, ते तर या व्हायरसला खतपाणीच आहे, त्याच्या डीएनएतच स्टेरॉइडला प्रतिसाद देणारा तुकडा असतो. शिपाई झोपला की मशीन सुरू. मग महिनाभरात प्रतिकारशक्ती परत जागी होते आणि भरलेल्या पेशींवर एकदम तुटून पडते. डोळे पिवळे होतात ते या दुसऱ्या वेळी. म्हणून डीएनए आधी वाढतो आणि एसजीपीटी काही आठवड्यांनी, नुसत्या एसजीपीटीवर नजर ठेवली तर उशीर होतो.

हे फक्त टेसचं नाही. ऑपरेशन करून लिव्हरचा भाग काढला, रेडिएशन दिलं, तरी होऊ शकतं. त्यामुळेच लिव्हर कॅन्सर आणि एचबीएसएजी (तेच तुमचं ऑस्ट्रेलिया अँटिजेन) पॉझिटिव्ह असं दिसलं की ट्रीटमेंटच्या आधीच गोळी सुरू करतात आणि ती चालूच ठेवतात.

म्हणून माझा एकच प्रश्न. बाबांना गोळी दिली होती का? दिली असेल तर ते घेत होते का?

इतवारीचा_केमिस्ट | १० एप्रिल, संध्याकाळी ६:०५

डॉक्टरसाहेबांच्या शेवटच्या प्रश्नाला +१. दुकानात रोज पाहतो, डिस्चार्ज कार्डाची दोन पानं असतात, लोक पहिलंच पान व्हॉट्सअॅपवर पाठवतात आणि म्हणतात एवढं द्या. दुसऱ्या पानावर काय आहे ते त्यांनाही माहीत नसतं. आणखी एक, पूर्वी कधी लॅमिव्हुडिन घेतली होती का ते आठवा. जुन्या काळी सर्रास द्यायचे, पाच वर्षांत दहापैकी सातएक लोकांत व्हायरस त्या गोळीला दाद देईनासा व्हायचा. तशांना एन्टेकाव्हिरही नीट चालत नाही, टेनोफोव्हिर द्यावी लागते. डॉक्टरांना हे सांगणं गरजेचं असतं.

सक्करदरा_चौक | १० एप्रिल, रात्री १०:१५

आयएनआर १.६. गुंगी नाही, उलट रागावून राहिले सगळ्यांवर. भरती केलंय आज.

गोळी दिली होती. फेब्रुवारीच्या शेवटी सुरू केली होती, एन्टेकाव्हिर ०.५, रोज एक. लॅमिव्हुडिन कधीच नाही. मी स्वतः आणून दिली होती, म्हणजे घेतच असतील ना.

रात्रपाळी | १० एप्रिल, रात्री १०:४०

स्ट्रिप मोजा.

सक्करदरा_चौक | ११ एप्रिल, सकाळी ६:२०

मोजल्या.

रात्री झोप नाही आली म्हणून उठून शोधल्या. औषधांच्या डब्यात नव्हत्या. आईला पण माहीत नाही. शेवटी बाबांच्या चष्म्याच्या जुन्या डब्यात सापडल्या, वर हनुमान चालिसाचं छोटं पुस्तक ठेवून. मी एकूण ५० गोळ्या आणल्या होत्या. ४१ तशाच. म्हणजे टेसच्या आधी आठनऊ दिवस घेतली आणि घरी आल्यावर बंद.

आता दवाखान्यात जाऊन विचारलं. आधी म्हणाले विसरलो. मग म्हणाले, "मले कधी कावीळ झाली होती का बे? मग काविळीची गोळी काहून खाऊ? कॅन्सरचं तर करून घेतलं ना." वरून ती उपाशीपोटी घ्यायची, आधी दोन तास काही खायचं नाही आणि नंतर दोन तास नाही, आणि माझा बाप पहाटे साडेपाचला उठल्या उठल्या चहा घेणारा माणूस, पस्तीस वर्षं फर्स्ट शिफ्ट केलेला. थोडे दिवस चहा थांबवला आणि मग गोळीच थांबवली.

डिस्चार्ज कार्ड काढून पाहिलं. दुसऱ्या पानावर सहाव्या नंबरला लिहिलेलं आहे, 'बंद करू नये', खाली रेघ पण मारलेली. मी ते पान आत्ता पहिल्यांदा वाचलं.

तक्रारीचं वर लिहिलं होतं ते राहू द्या. खोडत नाही, लिहिलंय तर लिहिलंय.

सीताबर्डी_किल्ला | ११ एप्रिल, सकाळी ९:४८

भाऊ स्वतःला दोष देऊ नका, पण दवाखान्यानंही तोंडी सांगायला पाहिजे होतं असं मला अजूनही वाटतं. सहाव्या नंबरला रेघ मारून काय होतं? "तुम्हाला दोन आजार आहेत, एक गाठ आणि एक व्हायरस, गाठीचं आम्ही पाहतो, व्हायरसचं तुम्हाला रोज पाहायचंय" एवढी दोन वाक्यं बोलायला किती वेळ लागतो.

रात्रपाळी | ११ एप्रिल, दुपारी ४:०२

बरोबर आहे, ओपीडीत दीडशे पेशंट असले तरी ही सबब नाही. मीही न बोललेला आहे कित्येकदा.

एक प्रामाणिकपणे सांगतो, यात टेसचा वाटा किती आणि गोळी सोडल्याचा किती हे आता कोणी वेगळं करून सांगू शकणार नाही. गोळी मध्येच सोडली तरी व्हायरस उसळतो, टेसनंही उसळतो, इथे दोन्ही एकत्र आलं. चांगली गोष्ट ही की जेमतेम नऊ दिवस घेतलेली गोळी आहे, तिला व्हायरस निर्ढावला असेल याची शक्यता खूप कमी. परत सुरू केली असेल तर डीएनए खाली यायला पाहिजे. बिलिरुबिनला मात्र वेळ लागतो, रोज रोज तपासून जीव घाबरा करू नका.

जामठ्याच्या_वाटेवर | ११ एप्रिल, रात्री ९:३०

माझे मिस्टर याच वाटेवरचे, म्हणून लिहितेय. त्यांची गाठ पोर्टल व्हेनमध्ये शिरलेली होती, ऑपरेशन आणि टेस दोन्ही नाही म्हणाले, इम्युनोथेरपी सुरू आहे, अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब, दर तीन आठवड्यांनी सलाइन. दर एकविसाव्या दिवशी वर्धा रोड.

पहिल्या सलाइनच्या आधी आमच्याकडून दोन गोष्टी करून घेतल्या. एक एंडोस्कोपी, कारण सिरॉसिसमध्ये अन्ननलिकेच्या शिरा फुगलेल्या असतात आणि बेव्हासिझुमॅबनं रक्तस्राव होऊ शकतो. दुसरं एचबीव्ही डीएनए. त्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं की ज्या मोठ्या ट्रायलवरून हे औषध आलं त्यात डीएनए ५०० युनिटच्या खाली असलेलेच पेशंट घेतले होते. आमचा जास्त होता, आधी टेनोफोव्हिर सुरू केली मग सलाइन.

चौथ्या सायकलनंतर एसजीपीटी २४० झालं तेव्हा मी रडायलाच लागले. मॅडम म्हणाल्या यात दोन शक्यता असतात, इम्युनोथेरपीनं आपलीच प्रतिकारशक्ती लिव्हरवर उलटली असेल तर स्टेरॉइड द्यावं लागतं आणि व्हायरस उसळला असेल तर स्टेरॉइडनं आगीत तेल, म्हणून आधी डीएनए पाहू. तो सापडण्याइतकाही नव्हता. कारण गोळी एक दिवस चुकली नव्हती. मी त्यांच्या ताटाजवळच ठेवते, पोळी आणि गोळी. आमची टेनोफोव्हिर जेवणाबरोबर चालते म्हणून सोपं आहे, तुम्ही पण डॉक्टरांना विचारून पाहा बदलून देता येते का.

इतवारीचा_केमिस्ट | ११ एप्रिल, रात्री ११:१५

ताईंचं बरोबर. फक्त टेनोफोव्हिरचे दोन प्रकार आहेत, जुना ३०० मिलिग्रॅमचा आणि नवा टीएएफ २५ मिलिग्रॅमचा. जुन्यात किडनीवर लक्ष ठेवावं लागतं, क्रिएटिनिन पाहतात. एन्टेकाव्हिरचाही डोस किडनीप्रमाणे बदलतो. स्वतःच्या मनानं अदलाबदल करायची नाही.

आणि पैशाचं कोणाला अडत असेल तर राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून सुरू आहे, त्यात तपासणी आणि या गोळ्या फुकट आहेत. मोठ्या सरकारी दवाखान्यात जाऊन 'हिपॅटायटिसचं केंद्र कुठं' असं विचारायचं. दुकानदार असून सांगून राहिलो :)

थोडं विषयांतर, पण लिव्हर कॅन्सरच्या गोळीची गोष्ट निघाली की मला हे आठवतंच. सोराफेनिब आली तेव्हा परदेशी कंपनीची महिन्याची किंमत २ लाख ८० हजार. इतवारीत कोण घेणार? मार्च २०१२ मध्ये सरकारच्या पेटंट ऑफिसनं हैदराबादच्या नॅटकोला सक्तीचा परवाना दिला, देशातला पहिलाच, आणि तीच गोळी महिन्याला ८,८८० ला आली. त्या वर्षी मी पहिल्यांदा हे औषध मागवलं, एका कापड दुकानातल्या मुनीमजींसाठी.

तर्री_जास्त | १२ एप्रिल, सकाळी ८:५०

डॉक्टरसाहेब माळेचं नंतर बोलू म्हणाले होते, बोला आता. माझे काका बरे झाले हे खोटं आहे का?

रात्रपाळी | १२ एप्रिल, दुपारी २:४५

काका बरे झाले हे शंभर टक्के खरं. दूषित पाण्यातून होणारी ए किंवा ई कावीळ बहुतेकांची महिनादीड महिन्यात आपली आपणच जाते, माळ घाला नाहीतर टाय घाला. माळ लांब होते कारण ओल्या काड्या वाळून आक्रसतात आणि दोऱ्याचे वेढे सैल होतात, खुंटीला टांगून पाहा, खुंटीची पण कावीळ उतरेल. चुन्याचं पाणी पिवळं होतं ते आधी हाताला चोळलेल्या सालीच्या रसामुळे.

माळेनं कोणी मरत नाही. माळ घालून घरी बसलेले तीन आठवडे मारतात. आणि कृपा करून सोबत कुठला काढा देऊ नका, कोरोनाच्या वेळी गुळवेलीनं लिव्हर खराब झालेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलेत.

तर्री_जास्त | १२ एप्रिल, दुपारी ३:३०

खुंटीचं पाहतो करून. 😐

सक्करदरा_चौक | ३ मे, रात्री ९:०५

अपडेट द्यायला उशीर झाला, माफ करा. बाबा अकरा दिवसांनी घरी आले. बिलिरुबिन ६.८ वरून ९ पर्यंत गेलं होतं, त्या दोन दिवसांबद्दल लिहीत नाही. आता २.४. एसजीपीटी ११०. डीएनए १ कोटी ९० लाखांवरून २१ हजार. गोळी बदलून टीएएफ दिली, नाश्त्यासोबत घेतात. चहा वाचला हे त्यांना कॅन्सरपेक्षा मोठं वाटून राहिलं.

दुसरं टेस अजून नाही. डॉक्टर म्हणाले आधी लिव्हर ए ग्रेडचं होतं आता बी आहे, बिलिरुबिन दोनच्या चांगलं खाली आलं की नवीन सीटी करू आणि मग ठरवू. गाठीचा एक कोपरा जिवंत आहे. म्हणजे व्हायरसच्या भानगडीत कॅन्सरचे दोन महिने गेले, हे मला सलतंच.

आणि एक. घरातल्या सगळ्यांची तपासणी करायला सांगितली. आई निगेटिव्ह, पण कधीतरी होऊन गेल्याची खूण आहे. मी निगेटिव्ह, लस सुरू केली. लहान भाऊ नाही म्हणतो. त्याचं लग्न ठरलंय डिसेंबरमध्ये, म्हणतो एकदा कागदावर आलं की पसरेल.

जामठ्याच्या_वाटेवर | ३ मे, रात्री १०:२०

माझ्या नणंदेनं पण हेच केलं होतं. भावाला सांगा, ताट वाटी एकत्र वापरल्यानं, मिठी मारल्यानं, एका माठातलं पाणी प्यायल्यानं होत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून, आणि आईकडून बाळाला जन्माच्या वेळी होतो. दाढीचं ब्लेड आणि ब्रश मात्र वेगळे. आमच्याकडे सासूबाईंनी मिस्टरांचा पेला वेगळा काढला होता, मी तोच पेला रोज स्वतः वापरायला घेतला, मग बंद झालं.

रात्रपाळी | ४ मे, दुपारी १:१५

भावाला लग्नाच्या अंगानं समजावू नका, बाबांच्या अंगानं समजावा. १९९४ ला कॅरियर म्हणून सोडून दिलेल्या माणसाची सहा महिन्यांनी सोनोग्राफी होत राहिली असती तर गाठ ४.८ ला नाही, कदाचित दोनला सापडली असती. हिपॅटायटिस बी मध्ये सिरॉसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो. पॉझिटिव्ह निघाला तरी लगेच गोळी लागेलच असंही नाही, डीएनए, एसजीपीटी आणि लिव्हर किती कडक झालंय ते पाहून ठरतं. पण माहीत तर पाहिजे.

सीताबर्डी_किल्ला | ४ मे, दुपारी ४:४०

बाकी हा सगळा प्रकार पुढच्या पिढीत नसावा. जन्मल्यावर २४ तासांच्या आत लसीचा डोस असतो आता बाळांना. तैवाननं १९८४ ला पॉझिटिव्ह आयांच्या बाळांना आणि १९८६ पासून सगळ्या बाळांना द्यायला सुरुवात केली आणि तिथल्या मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर कमी झाला. कॅन्सरवरची लस म्हणतो आपण, ही ती.

सक्करदरा_चौक | २२ मे, रात्री ११:३०

भाऊ गेला होता. मी नाही समजावलं, बाबांनीच नेलं त्याला, स्कूटरवर मागे बसून, मला न सांगता. परत आल्यावर म्हणाले, "मले कोणी नेलं नव्हतं."

पॉझिटिव्ह आहे. डीएनए पाठवलाय, सोनोग्राफी नॉर्मल. मुलीच्या घरी कामठीला रविवारी मी आणि आई जाऊन सांगणार आहोत, लपवायचं नाही असं भावानंच ठरवलं. काय बोलायचं ते सुचत नाहीये, कोणी आधी असं बोललं असेल तर सांगा.

जामठ्याच्या_वाटेवर | २३ मे, सकाळी ७:४५

आधी चहा घेऊ द्या त्यांना. मग सरळ सांगा. मुलीची आधी तपासणी करायची आणि निगेटिव्ह असली, लस झालेली नसली तर तीन डोस असतात, आज, एक महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. शेवटी रक्त तपासून संरक्षण आलं का ते पाहतात, तोवर काळजी घ्यायची. हे पाठ करून जा, वडील माणसं तारखाच विचारतात.

रात्रपाळी | २३ मे, सकाळी ८:१०

मे ला पहिला, जून, नोव्हेंबर. डिसेंबरच्या आत बसतं. कामठीत बोलताना अडलं तर मला व्यनि करा, रविवारी सुट्टी आहे, मी फोनवर बोलेन त्यांच्याशी.

सक्करदरा_चौक | २३ मे, सकाळी ८:१४

हाव. लिहून ठेवलं. डिस्चार्ज कार्डाच्या मागच्या पानावरच लिहिलं.